आईचा नमस्कार

रविवारी दुपारी लोईसा गावात क्रिसांतोमामाच्या अंगणात ढोल लागले, की शेजारपाजारचे आपापल्या खुर्च्या घेऊनच येत. आज खेकड्याचे वडे तळायला घेतले होते. सोराइदानं आईला नीरफणसाच्या सावलीत, मामाच्या ढोलासमोर बसवलं.

"ही कोण गं?" आईनं शेजारणीला विचारलं. "नर्स दिसते. हात हलका आहे हिचा."

"घे, बढती मिळाली तुला," शेजारीण सोराइदाला म्हणाली. "मागच्या रविवारी मोलकरीण होतीस."

सोराइदा हसली. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. आईचेही तिनंच तपासले होते. कानांत काही दोष नव्हता. आईला सगळं ऐकू यायचं, फक्त लेकीचं नाव तोंडात येत नव्हतं. कित्येक महिन्यांत एकदाही नाही. तिला ते एकदा आईच्या तोंडून ऐकायचं होतं. माणूस नावं विसरतो, पण अंगात मुरलेला ताल सहसा जात नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून आज तिनं आईसारखं नाचायचं ठरवलं होतं.

बोंबा या त्यांच्या ढोलावरच्या नाचात नाचणारा ढोलाच्या मागे जात नाही, ढोल नाचणाऱ्याच्या मागे जातो. आणि त्या अंगणात प्रत्येकाचा रिंगणात शिरतानाचा नमस्कार वेगळा, सहीसारखा. सोराइदानं झगा डावीकडे उचलला, हनुवटी दोनदा झुकवली. हा आईचा नमस्कार.

मामाचा हात कातड्यावर थबकला. "ए पोरी, तुझा तू कर. मला डोळे आहेत, ढोलाला नाहीत. त्याला वाटेल तुझी आई, प्रोवीच आली."

"वाटू दे की, मामा. आईलाही तसंच वाटलं तर बरंच."

लोक हसले. मामानंही हसत सुरुवात केली.

तिनं खांदा उडवला, ढोलानं ठोका दिला. झगा झटकला, ठोका. मग एकदा ठोका आधी आला आणि खांदा नंतर उडाला.

"मामा, पुढे पळतोयस तू."

"मी? मी तुझ्याकडेच बघून वाजवतोय."

हळूहळू गप्पा थांबल्या. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कलल्या, एकाच कानानं ऐकत असल्यासारख्या. "ही तर प्रोवीचीच गिरकी," कुणीतरी खुशीत म्हणालं. ती गिरकी सोराइदा कधी शिकलीच नव्हती.

तिला नदीचा वास आला. पुढे तराफा दिसला, त्याचा ओला दोर, पेंढ्याची टोपी घातलेला एक मुलगा. पूल झाल्यावर तराफा बंद पडला होता, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी. पण त्या मुलानं केलेला विनोद तिला शब्दन् शब्द आठवला आणि ती खळखळून हसली. अंग किती हलकं झालं होतं. ढोलावरच्या माणसाकडे बघून तिच्या मनात आलं, क्रिसांतो केवढा म्हातारा झाला.

आई खुर्चीतून उठली. कुणाचा आधार न घेता.

टाळ्या पडल्या. शेजारणीनं डोळे पुसले.

नाचून दमलेली सोराइदा त्या रिकाम्या खुर्चीत टेकली. कुणीतरी गरम वडा हातात दिला. फार छान दुपार होती.

"सोराइदा," आई स्वच्छ आवाजात म्हणाली.

सगळे हसऱ्या चेहऱ्यानं खुर्चीकडे पाहू लागले. तीही हसली, आणि हाक कुणाला मारली ते बघायला मागे वळली.