पोटातला फोटो

“खेळणं नको, सायकल नको, ड्रेस तर मुळीच नको!” वचनश्रीने मागून येऊन शांभवीच्या गळ्यात हात टाकले आणि कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, “मला फोटो पायजे. मी आणि चनू तुझ्या पोटात होतो ना... तेव्हाचा!”

शांभवीचे कणीक मळणारे हात परातीतच थांबले.

“आमच्या वर्गात सगळे आणतात की! ज्याचा वाढदिवस, त्याचा असा फोटो फळ्यावर लावतात. क्रांतीची आई केवढी जाडी दिसत होती त्यात! आम्ही तर दोघं होतो. मग तुझं पोट केवढं असेल!”

“ढोलाएवढं!” दारातून चन्नवीर ओरडला आणि दोघं बहीणभाऊ खिदळत जिन्याकडे पळाले.

शांभवीही हसली... हसावंच लागलं! पण मुलं दिसेनाशी होताच तिने कोपराने डोळे पुसले. सहा वर्षांच्या त्या भाबड्या जिवांना कसं कळावं, की जिच्या गळ्यात हात टाकून हे मागणं मागितलं, तिच्या उदरात ती कधी वाढलीच नव्हती!

२०१९च्या महापुरात, पंचगंगेने कोल्हापूरला चहूबाजूंनी वेढा घातलेला असताना, या जुळ्यांचा जन्म झाला आणि त्याच दिवशी रक्तस्राव न थांबून त्यांची आई, अमरेशची पहिली पत्नी नीलांबिका, हे जग सोडून गेली. मुलं वर्षाची व्हायच्या आतच गडहिंग्लजच्या एका शिक्षकाची थोरली मुलगी शांभवी या घरात आली. पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या होत्या. बघायला आलेल्या अमरेशच्या आईने, सुगंधाबाईंनी, तिला आतल्या खोलीत नेऊन दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. “ही मुलं तुझीच, हे त्यांना जन्मभर वाटलं पाहिजे. आणि तुला स्वतःचं मूल होऊ द्यायचं नाही. सावत्रपणा मला घरात नको आहे.”

शांभवीने मान खाली घालून “होय” म्हटलं होतं. त्या एका शब्दाने तिने आपली कूस मिटवून टाकली... आणि आश्चर्य असं, की तिला त्याचं दुःख फार दिवस वाटलंच नाही. रात्रंदिवस दोन कडेवर दोन मुलं घेऊन फिरताना, त्यांचे ताप, त्यांचे दात, त्यांची पहिली बोबडी हाक झेलताना तिचं रितं अंतःकरण काठोकाठ भरून गेलं.

त्या दुपारी ती राजारामपुरीत मुलांसाठी भेटवस्तू आणायला गेली. अमरेशचा गुळाचा व्यापार मोठा, घरात कशालाच तोटा नव्हता. खेळण्यांची दोन कपाटं भरून तिसरं नुकतंच आणलं होतं. दुकानदाराने समोर ढीग मांडला. चावीवर उडणारं विमान, बोलणारी बाहुली, लाकडी किल्ला...

“वैनी, ह्यो किल्ला तर गेल्या साली न्हेलासा की,” दुकानदारच म्हणाला. “आनि बाहुल्या तीन झाल्या. तुमच्या पोरांकडं न्हाय असं कायतरी बघाय लागंल बघा!”

तुमच्या मुलांकडे नाही असं काहीतरी... शांभवी रिकाम्या हाताने घरी परतली.

अमरेशला तिने सगळं सांगितलं, तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. “पुरात गेले म्हणून सांग सगळे फोटो. विश्वास ठेवतील.”

“आज ठेवतील हो. पण पुढं? बाहेरून कुणाच्या तरी तोंडून कळलं तर? तेव्हा त्यांना वाटेल, आम्हांला आई नव्हती हे दुःख नाही... आमची आई आमच्यापासून लपवली!”

“माझ्याकडे खरंच काही नाही गं!” तो वळला. “बघवत नव्हतं म्हणून फोनमधलं सगळं पुसलं मी. उरलेलं आईनं गाठोडं बांधून नीलाच्या माहेरी पाठवलं...”

ते माहेर या घराला तुटलं होतं. नीलांबिकेची आई बसव्वा पूर ओसरता ओसरता आली ती आक्रोश करत! पाळण्यातल्या त्या दोन कोवळ्या जिवांकडे बोट करून ती किंचाळली होती, “ह्यांनी खाल्लं माझ्या लेकीला!” सुगंधाबाईंनी तिला त्या क्षणी बाहेर काढलं. त्यानंतर सहा वर्षांत तिची सावली त्या दारात पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं शाळेत गेल्यावर शांभवी कुणालाही न सांगता नृसिंहवाडीच्या एसटीत बसली. वाडीहून पुढे नदीकाठच्या गावापर्यंत रिक्षा केली. विचारत विचारत ती एका दारापाशी आली. सोप्यात एक वाळलेली म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

“कोण म्हनायचं पावणं?”

“मी... मी शांभवी. कोल्हापूरची. अमरेशची...” पुढचा शब्द तिला उच्चारवेना.

म्हातारीच्या हातातली शेंग गळून पडली. तिने एवढंच विचारलं, “पोरं... बरी हायती न्हवं?”

“बरी आहेत, अव्वा.”

अव्वा म्हणजे आईच! त्या शब्दासरशी बसव्वाचा बांध फुटला! “सहा वर्सं झाली गं, ह्या जिभंला झडूनशान जा म्हनतोय रोज! गावाला पान्यानं वेढा पडलेला, फोन बंद. नावंतनं आलो, ट्रॅक्टरावनं आलो, कमरंइतक्या पान्यातनं चालत आलो... चौथ्या दिशी पोचलो, तर तिला माती दिऊन झालती. मातीवरचं बेलाचं पान बी सुकलंतं! लेकीचं तोंड बघाय मिळालं न्हाय मला. डोसकं फिरलं माझं. त्या तान्ह्या लेकरांस्नी बोललो... लेकरांनी काय केलतं गं? काय केलतं त्येंनी?”

शांभवीने तिला जवळ घेतलं. शांत झाल्यावर मुलांचा हट्ट तिने सांगितला. बसव्वा उठली, आतल्या ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो घेऊन आली. डोहाळजेवणाचा. फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर हिरव्या साडीतली नीलांबिका बसली होती आणि दोन्ही हात पोटावर ठेवून अशी काही हसत होती, की जणू आतल्या दोघांशी तिचं कधीचंच बोलणं झालं होतं!

शांभवी तिच्याकडे पाहतच राहिली. ही तीच... जिच्या जागेवर आपण उभ्या आहोत. मनात असूया यावी, भीती यावी. पण आलं ते निराळंच. हिने या लेकरांना एकदाही डोळे भरून पाहिलं नसेल का...?

“घिऊन जा,” बसव्वा म्हणाली. “पर म्या दिला म्हनू नगंस.”

“नुसता फोटो नेऊन काय करू, अव्वा? ही कशी हसायची, काय खायची, मुलं विचारतील तेव्हा मी काय सांगणार? तुम्हीच चला. परवा वाढदिवस आहे त्यांचा.”

“माझ्या लेकीचा दिस बी त्योच की गं...” म्हातारी पुटपुटली. मग एकाएकी तिने शांभवीचा हात घट्ट धरला. “खुळी हाईस व्हय? आज तुला आई म्हंत्यात. उद्या म्हनायची सोडली तर?”

शांभवीने फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

“तर... तर सोसेन. त्यांच्याकडे सगळं आहे, अव्वा. जे नाही ते माझ्याचजवळ लपवून ठेवलेलं आहे. आणि मीच त्यांना वाढदिवसाला काय द्यायचं म्हणून दुकानं धुंडाळत फिरते!”

वाढदिवसाच्या दुपारी दिवाणखाना फुग्यांनी भरला होता. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. बसव्वा उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली आणि सुगंधाबाईंचा चेहरा पालटला.

“हिला कुणी बोलावलं? माझ्या नातवंडांना शिव्या देणारी बाई माझ्या घरात येणार नाही!”

“मी बोलावलं, आत्ती.” सासूसमोर मान वर करून शांभवी पहिल्यांदाच बोलत होती. “तुम्ही मागितलंत ते सगळं मी दिलं. तोंड मिटलं, कूस मिटली. कधी तक्रार केली नाही. आज एकच मागते... या मुलांना त्यांची आई परत द्या!”

“आणि तू? तुझं काय होईल, कळतंय का तुला?”

“कळतंय, आत्ती.”

सुगंधाबाईंची नजर उंबऱ्याबाहेर गेली. बसव्वाने पदर पसरला होता.

“एकडाव तोंड बघू द्या लेकरांचं. लगीच जातो. माझ्या लेकीचं तर बघाय मिळालं न्हाय...”

हे वाक्य मात्र सुगंधाबाईंच्या वर्मी लागलं. सहा वर्षं ज्या रागाच्या आडोशाने त्या उभ्या होत्या, तो ढासळला. त्या जवळच्या खुर्चीचा आधार घेत म्हणाल्या, “मी सांगितलं होतं माती द्यायला... थांबू नका म्हणाले होते. पाणी चढत होतं, बसव्वा! रस्ते बंद... तुम्ही याल असं वाटलंच नाही. थांबायला हवं होतं हो मी... एक आई म्हणून तरी थांबायला हवं होतं!”

दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तेव्हा दारात उभ्या असलेल्या अमरेशला हुंदका आवरला नाही. सहा वर्षांत नीलासाठी तो पहिल्यांदाच रडत होता.

मुलांना शांभवीनेच सांगितलं. दोघांना दोन मांड्यांवर बसवून, हातात तो फोटो देऊन.

“ही नीलांबिका. तुमची आई. तुम्ही हिच्या पोटात होता. तुम्हांला जन्म दिला आणि... ती देवाघरी गेली.”

वचनश्री बराच वेळ फोटो निरखत राहिली. पण चन्नवीर मांडीवरून उतरला. एक पाऊल मागे गेला, दोन पावलं मागे गेला.

“मग तू कोण?”

किती साधा प्रश्न! इतक्या वर्षांत याचं उत्तर शांभवीने स्वतःलाही कधी दिलं नव्हतं.

“मी... तुम्हांला सांभाळायला आले, बाळा.”

“खोटं बोललीस!” तो ओरडला आणि धावत जाऊन बसव्वाच्या पदराआड लपला. ज्या पदराला तो आजवर ओळखतही नव्हता, त्या पदराआड! बसव्वाने हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तिला लेकीचं लेकरू भेटलं होतं... आणि शांभवीच्या दोन्ही हातांत त्याच्या अंगाची ऊब अजून तशीच होती.

त्यानंतर बसव्वा दर पंधरा दिवसांनी येऊ लागली. येताना शेंगांचे लाडू आणायची, मुलांना मांडीवर घेऊन नीलाच्या बालपणाच्या गोष्टी सांगायची. फोटो दिवाणखान्यात लागला. सुगंधाबाई रोज सकाळी त्याला स्वतः फूल वाहू लागल्या. घर जोडलं गेलं होतं. फक्त चन्नवीर शांभवीला कुठल्याच नावाने हाक मारीत नव्हता. “पाणी पायजे.” “बूट सापडेना.” एवढंच. ती पाणी द्यायची, बूट शोधून द्यायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांड्यांची आवराआवर करीत राहायची.

सुगंधाबाई एकदा तिच्या मागोमाग आत आल्या. “तुझ्या बाबतीत मी फार मोठा अपराध केलाय गं,” त्या हळूच म्हणाल्या. शांभवीने त्यांच्या हातातला पेला घेतला आणि घासायला ठेवला.

गौरी-गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी शाळेची रिक्षा दारात आली. शांभवी वर कपडे वाळत घालत होती. खालून वचनश्रीची हाक आली.

“शांभवीआई!”

शांभवीच्या हातातला ओला कपडा तसाच राहिला. ती कठड्याशी आली. खाली वचनश्री दप्तर सावरत उभी होती आणि शेजारी मान खाली घालून चन्नवीर.

“आज असं का गं म्हणालीस?” तिने शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

“आम्ही दोघांनी ठरवलं,” वचनश्री अगदी शहाण्यासारखी म्हणाली. “नुसतं आई म्हटलं की त्या आईला वाटणार, तिलाच बोलावलं. आणि तिला तर येता येत नाही ना! मग ती रडंल की...”

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. तेवढ्यात चन्नवीरने मान वर केली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“शांभवीआई,” तो चाचरत म्हणाला, “माझा डबा वरच राहिलाय.”

“आले रे,” शांभवी म्हणाली, आणि डबा घेऊन, पदराने तोंड पुसत जिना उतरू लागली.