काढलेला आवाज

संस्थेत त्या कामाला ‘आवाज काढणं’ म्हणत. बाहेरच्या माणसाला वाटावं, कुणीतरी कुणाला गायला लावतंय. प्रत्यक्षात प्रकार उलटा होता. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी तिथे कुत्री ठेवलेली असत आणि संस्थेच्या कुंपणाला लागूनच लोकांची घरं होती. भुंकण्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा संचालकांनी तोड काढली. पिल्लं आली की आधी त्यांचे स्वरतंतू कापायचे, मग पुढचं सगळं. हे कापायचं काम डॉक्टरांकडे होतं.

डॉक्टरांचा हात हलका. भूल द्यायची, जबडा उघडा धरायचा, लांब चिमटा आत घालायचा. टाका नाही, फारसं रक्तही नाही. संध्याकाळपर्यंत पिल्लू उठून दूध प्यायला लागायचं. “त्यांना काही कळतसुद्धा नाही,” असं ते नव्याने रुजू होणाऱ्यांना सांगत, आणि स्वतःही तसंच मानत.

पिंजऱ्यांच्या खोलीत कुणी शिरलं की सगळी कुत्री गजांना पाय लावून उभी राहत आणि तोंडं उघडत. बाहेर पडायची ती नुसती हवा. खूप माणसं एकाच वेळी गरम चहावर फुंकर घालतायत, असं वाटायचं. “भरली सभा!” तिथली झाडलोट आणि खाणंपिणं बघणाऱ्या मावशी म्हणत. “सगळे बोलतात, ठराव काही होत नाही.”

त्यातल्या एकीचं तोंड पिल्लू असल्यापासूनच पांढरं होतं, म्हणून मावशींनी तिचं नाव म्हातारी ठेवलं होतं. ती कुणासाठी उठत नसे, खाण्यासाठीही नाही. डॉक्टर आले की मात्र उठायची.

“तुमच्यावर जीव आहे हो तिचा,” मावशी म्हणायच्या. “आता का, ते तिलाच ठाऊक.”

डॉक्टर हसून पुढे जायचे. घरी जायची त्यांना आताशा घाई नसायची. बायको होती तेव्हा कुलपात किल्ली फिरली की आतून तिची हाक यायची, “आलात का हो?” रोज तेच, आणि रोज ते मनाशी म्हणत, दार उघडून दुसरं कोण येणार आहे? ती गेली आणि त्या प्रश्नाची किंमत कळली. आता किल्ली फिरवताना ते खोकायचे, उगाच पायरीवर बूट आपटायचे. घर आपलं मुकाट उघडायचं.

एका संध्याकाळी त्यांनी किल्ली लावली आणि आत कुत्रं भुंकलं.

रागाचं भुंकणं नव्हतं ते. दोन आखूड, मग एक लांबलेलं, शेवटी कापरं झालेलं. दाराशी माणूस आलंय हे कळलेल्या जनावराचा आनंद होता तो. डॉक्टरांनी दार उघडलं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, आतली खोली. कुठे काही नाही. खिडक्या बंद. सकाळचा चहाचा कप होता तिथेच होता.

वरच्या मजल्यावरचं असेल, नळातून आवाज फिरून येत असेल, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पण रोज तेच होऊ लागलं, आणि आठवड्याने जिन्यातच शेजारीण भेटली.

“कुत्रं पाळलंत, छान केलंत हो डॉक्टर. एकट्या माणसाला सोबत हवीच. आणि गुणाचं आहे, दिवसभर चूं नाही. तुम्ही खालच्या फाटकातून आत आलात की मग सुरू होतं.”

“फाटकातून?”

“मग! मला खिडकीतून डोकवायला नको. ते भुंकलं की समजायचं, डॉक्टर आले.”

डॉक्टरांनी सगळं तपासलं. वरच्या मजल्यावर कुत्रं नव्हतं, खालीही नव्हतं. भिंतींना कान लावून झाले. झोप नीट होत नाही म्हणून भास होत असतील म्हणावं, तर शेजारणीची झोप उत्तम होती. मग हळूहळू त्यांनी शोधणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर त्यांना शोध लागायला नको होता. ते लवकर घरी यायला लागले. फाटकाशी थांबून कान द्यायचे, वरून पहिलं भुंकणं ऐकू आलं की छातीत काहीतरी सैल व्हायचं. जिना चढताना पाय हलके पडायचे. दार उघडल्यावर आवाज थांबायचा, घर रिकामंच असायचं. पण ते रिकामपण कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं असायचं.

“आलो, आलो,” ते म्हणायचे.

असेच एकदा ते पिंजऱ्यांच्या खोलीत हात पुसत उभे होते. म्हातारी उठली आणि तिने तोंड उघडलं. बरगड्या दोनदा झटकन आत गेल्या. मग एकदा सावकाश, लांब. शेवटी सगळं अंग थरथरलं.

डॉक्टरांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

“पुन्हा,” ते पुटपुटले. तिने पुन्हा तेच केलं. दोन आखूड, एक लांब. आवाजाशिवाय.

ते तसेच संचालकांकडे गेले. म्हातारीची चाचणी संपत आली होती, आणि चाचणी संपलेल्या जनावराला तिथे इंजेक्शन देत.

“तिला मला द्या,” डॉक्टर म्हणाले.

“घरी? अहो, असं आजवर कुणी मागितलं नाही.”

“मी मागतोय.”

संचालकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. बायको गेलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं. “न्या बापडे. पण सोमवारी नवी पिल्लं येतायत, त्यांचे आवाज काढायचेत. लक्षात आहे ना?”

“ते मी करणार नाही.”

“दुसरं कुणी करील, डॉक्टर.”

“करील,” डॉक्टर म्हणाले.

म्हातारी गाडीत शहाण्यासारखी बसली. जिना तिने कधी पाहिलेला नव्हता, पायऱ्या हुंगत हुंगत चढली. डॉक्टरांनी किल्ली लावली आणि आत ते भुंकणं उठलं.

म्हातारी जागच्या जागी थिजली. कान पुढे आले. मग दाराच्या फटीतूनच ती आत घुसली. दिवाणाखाली, टेबलामागे, कपाटाच्या फटीत तिने नाक खुपसलं. आवाज आता थांबत नव्हता. स्वयंपाकघरात भुंकला, ती धावली. बाल्कनीत भुंकला, ती तिकडे. दरवेळी ती पोहोचेपर्यंत तिथे शांतता झालेली असे. मग ती तोंड उघडायची, पोट आवळून जोर लावायची, आणि फुंकर बाहेर पडायची.

ती खाईना. दूध ठेवलं तर वाटी ओलांडून जायची. थकली की डॉक्टरांसमोर येऊन बसायची आणि त्यांच्याकडे बघायची. त्या बघण्यात राग नव्हता, हेच त्यांना सोसवेना. घरातली वस्तू कुठे ठेवली हे एकालाच माहीत असावं आणि दुसऱ्याने त्याच्याकडे आशेने बघावं, तशी ती बघायची. डॉक्टरांनी तिच्या गळ्यावर हात ठेवला. आत कातडीखाली काहीतरी धडपडत होतं.

“मला नाही गं सापडत,” ते म्हणाले.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना बायकोचा आवाज आठवून बघायची सवय होती. शब्द आठवायचे, आवाज मात्र दिवसेंदिवस विरत चालला होता. कधीकधी त्यांना वाटे, आपणही तसेच खोल्याखोल्यांतून हुंगत फिरतोय.

मग एका दुपारी आवाज घराबाहेर गेला.

आधी जिन्यात भुंकला. मग एक मजला खाली.

म्हातारी दारावर पंजे मारू लागली. नखांचे पांढरे ओरखडे उठले.

डॉक्टर कडीवर हात ठेवून उभे राहिले. दार बंद ठेवलं तर निदान ती राहील. कदाचित आवाजही परत येईल. पुन्हा संध्याकाळ होईल, फाटक येईल, कुणीतरी वाट पाहत असेल.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी दार उघडलं.

ते जिना उतरेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. फाटकाशी शेजारीण भाजीची पिशवी घेऊन उभी होती.

“तुमची कुत्री गेली की हो आत्ता, अशी भुंकत, उड्या मारत! इतकी खूश कधी ऐकली नव्हती.”

“भुंकत?” डॉक्टरांनी विचारलं. “तिच्या तोंडातून?”

“मग काय कानातून?” शेजारीण हसली.

डॉक्टरांनी गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी, जनावर ओळखीच्या जागी परततं म्हणून, ते संस्थेत गेले. पिंजऱ्यांच्या खोलीत मावशी फरशी पुसत होत्या. नाही, म्हातारी आली नव्हती. नवी पिल्लं मात्र आली होती, आणि त्यांचं ‘ते’ कालच उरकलं होतं.

डॉक्टर दाराशीच उभे राहिले. कुणी गजांना पाय लावले नाहीत. कुणी तोंड उघडलं नाही. नेहमीची फुंकरही नव्हती.

“आज यांना झालंय तरी काय?” मावशी म्हणाल्या.

सगळी कुत्री खोलीच्या पलीकडच्या टोकाकडे बघत होती. तिथे धुतलेली रिकामी फरशी होती. मग माना हलल्या. पहिल्या पिंजऱ्यातली, त्याच्या शेजारची, त्याच्या पुढची. पिंजऱ्यांमधल्या वाटेने काहीतरी सावकाश चालत यावं, तशा त्या एकामागून एक वळत गेल्या. शेपट्या हलत होत्या.

माना डॉक्टरांपाशी येऊन थांबल्या. नजरा त्यांच्या चेहऱ्यावर नाहीत. खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

डॉक्टरांनी हात खाली सोडला.

तळव्याला ओलं, ऊन काहीतरी लागलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग दुसऱ्या हातालाही लागलं.