राजाखालचा राजा

कोल्हापूरच्या धातुस्मृती प्रयोगशाळेत डॉ. नजमा अत्तार यांनी चांदीचं एक गुळगुळीत नाणं ताणवाचक यंत्राखाली ठेवलं. नाणं घेऊन आलेल्या इंदुमती गुळवणी खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या होत्या. बाई एकाहत्तर वर्षांच्या, पण चेहरा निकालाच्या दिवशीच्या पोरीसारखा.

"ठसा मारला की चांदीचे कण आतून दबतात," डॉ. अत्तार म्हणाल्या. "वरचं चित्र झिजलं तरी तो ताण आत राहतो. यंत्र तो वाचतं, पण अर्ध्या केसाच्या जाडीइतकंच खोल. एका ठशावर दुसरा मारलेला असेल, तर वरच्याचा थर त्याहून जाड असतो. मग खालचा वाचता येत नाही."

"मग संपलंच. आमच्या दादांचं म्हणणं खालच्या ठशाबद्दलच होतं."

दादा म्हणजे त्यांचे वडील, शाळामास्तर आणि ग्रीक नाण्यांचे वेडे. या नाण्यावर मिनँडर राजाचा ठसा होता. पण त्याच्या कानामागे दादांना आधीच्या एका राजाचं अर्धवट झाकलेलं नाव दिसलं, थिओक्लीस. असा राजा इतिहासाला ठाऊकच नव्हता. दादांनी विद्वानांच्या परिषदेला कळवलं, फोटोग्राफर ठरवला आणि तो यायच्या आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनासाठी नाणं देवघरात ठेवलं. नऊ वर्षांच्या इंदूने देवांच्या भांड्यांबरोबर तेही चिंच आणि विटेच्या भुकटीने घासलं, चांगलं अर्धा तास, मन लावून. नाणं पार गुळगुळीत झालं, दाखवायला पुरावाच उरला नाही आणि परिषदेने दादांना थापाड्या ठरवलं. दादा लेकीला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच तिला जन्मभर सलत राहिलं.

पडद्यावर रेषा उमटू लागल्या. आधी नाक, मग कपाळावरची पट्टी.

"हा मिनँडर नाही," डॉ. अत्तार म्हणाल्या आणि त्यांनी कडेची ग्रीक अक्षरं एकेक करून वाचली. "थिओक्लीस."

"पण खालचा वाचता येत नाही म्हणालात ना?"

"वरचा थर असता तर. तुम्ही मिनँडरला मुळासकट घासून काढलंत, ताई. हात जरा हलका पडला असता, तर हा राजा आज दिसला नसता."

इंदुताई ओक्साबोक्शी रडल्या आणि मधेच हसूही लागल्या. "दादा खरं बोलत होते," त्या चारचारदा म्हणाल्या.

डॉ. अत्तारांनी परिषदेला पाठवायचा अहवाल पुढे केला. 'शोधकर्ता' या रकान्यात इंदुताईंनी दादांचं नाव लिहिलं. खाली आणखी एक रकाना रिकामा होता: 'नमुना घासून तयार करणारी व्यक्ती'.

त्यांनी डोळे पुसले आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: इंदू गुळवणी, वय वर्षे नऊ.