उत्तरेकडची कळ

स्क्रीनवर दोनच शब्द : तारा हरवला.

भाजलेल्या मक्याचा वास बोटांना सकाळपर्यंत राहतो.

सोमवारी चर्चमध्ये गाण्याचा सराव असतो. युब्लिना तो चुकवत नाही.

मेदान विषुववृत्ताच्या वर. तिमोर खाली.

•

रविवारी दिवेलागणीला युब्लिना माळावरून घरी निघाली होती. तिच्या दुचाकीचा झोत ताडाखाली उताण्या पडलेल्या एका माणसावर पडला. त्याच्या डोक्याशी तिकाटण्यावर दुर्बीण.

“दिवा बंद करा ना, नोना... कॅमेरा उघडा आहे.” अनोळखी मुलीला तिथे नोनाच म्हणतात.

“मला वाटलं, कुणी मेलं की काय.”

“अजून नाही. हे यंत्र दोन दिवस असंच वागलं, तर बघा.”

तो टोगार, मेदानचा. एका धूमकेतूसाठी इतक्या लांब, तिमोरला आलेला. मेदानला तो धूमकेतू क्षितिजाच्या धुरातच बुडत होता. इथे मात्र अंधारल्यावर तासभर दिसायचा. युब्लिना शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. बिघडलेलं यंत्र दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. ती उतरली.

“ही पाठीवरची छोटी नळी कशाला?”

“गाइडर. एका ताऱ्यावर डोळा ठेवून बसतो. तारा जरा सरकला की मोटरला सांगतो, सावर. मग फोटो हलत नाही.”

“म्हणजे एकाकडेच बघत राहायचं. बाकीचं आकाश गेलं उडत.”

“त्याचं काम तेच.”

“आणि तुमचं?”

“केबल बदलणं,” तो म्हणाला. “चार झाल्या.”

दिवा विझवण्याआधीच तिला दिसलं होतं — मोटरवर एक छोटीशी कळ, उत्तर आणि दक्षिण अशी. ती उत्तरेकडे होती. मेदानला बरोबर. पण इथे, विषुववृत्ताच्या खालच्या अंगाला, मोटर उलटी फिरायला हवी. ही बापडी ताऱ्याच्या मागे जायचं सोडून विरुद्ध दिशेला पळत होती. गाइडर तरी सावरून सावरून किती सावरणार?

ती सांगणारच होती.

“फोटो मिळाला की दुसऱ्या दिवशी विमान,” टोगार म्हणाला. मग, जरा थांबून, “वारा छान आहे पण तुमच्याकडे...”

तिने तोंड मिटलं. एकच दिवस, तिने मनाला बजावलं.

•

मंगळवार. ती मके घेऊन आली.

“जमलं?”

“कसलं जमतंय... तारा हरवला.”

कळ अजून उत्तरेकडेच. युब्लिनाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

“सोमवारी कुठे होतीस?”

“गायला. — आणि तुम्ही मला अगं-तुगं कधीपासून करायला लागलात?”

“मका हातात दिलास तेव्हापासून.”

बुधवार. त्याने दुर्बिणीचा तोल पुन्हा साधला, वजनं सरकवली. ती बॅटरी धरून उभी. बोटाला बोट लागलं — दोघांनीही सॉरी म्हटलं नाही.

स्क्रीनवर तारा पुन्हा हरवला. “वारा असेल,” ती म्हणाली.

“असेल,” तो म्हणाला.

•

गुरुवार. उद्यापासून संध्याकाळच्या आकाशात चंद्र मोठा होणार, धूमकेतू त्यात धुऊन जाणार. आज नाही तर नाहीच. युब्लिना दिवसभर शाळेत काचेची भांडी पुसत होती, तीच ती भांडी. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर रिकाम्या हाताने जाईल, आणि ते तिच्यामुळे.

“आबांग,” तिने त्याच्या गावाकडची आपुलकीची हाक मारली, “एक सांगायचंय. आधी मका खा, मग रागव.”

त्याने एक दाणा तोंडात टाकला. “बोल.”

ती वाकली, आणि नखाने कळ दक्षिणेकडे सरकवली. टिक्.

स्क्रीनवर तारा चौकटीत आला... थांबला. खाली त्याची हालचाल दाखवणारी वेडीवाकडी रेघ हळूहळू सरळ झाली.

टोगार रेघेकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

“कधीपासून माहीत होतं?”

“रविवारपासून.”

“चार दिवस? मला तिकाटण्याभोवती नाचवलंस?”

“सांगितलं असतं तर तू गेला असतास. चुकलं माझं. आता वेळ नको घालवूस. कॅमेरा लाव, खाली चाललाय तो.”

तो हलला नाही. दूर समुद्रावर धूमकेतूची फिकट शेपटी उतरत होती.

“टोगार, बुडेल ना...”

“बुडू दे.” तो तिच्या शेजारी गवतात बसला. “तुझी आई अनोळखी माणसाला जेवायला घालते का?”

“घालते. पण आधी विचारते, किती दिवस आहेस म्हणून.”

“सांग, मेदानचा आहे. इथल्या दिशा शिकायला वेळ लागेल.”

ती हसली, डोळे पुसले. तिखट लावलेल्या मक्याचा हात होता, डोळे चुरचुरले. त्याने तो हात आपल्या हातात घेतला आणि तसाच ठेवला.

धूमकेतूचा स्वच्छ फोटो टोगारच्या कार्डावर सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी आला होता. मग कळ त्यानेच परत उत्तरेकडे सरकवून ठेवली होती.