उलटफेर

तिच्या समोरची खुर्ची रिकामी होती, एवढ्याच कारणानं त्यांची ओळख झाली. सायकलच्या दुकानाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी राक्षसांच्या झुंजी लागत — म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरच्या. सहा टेबलं, एक पंखा आणि एकाच बोर्डात खुपसलेले अकरा चार्जर.

"बसू का?" त्यानं विचारलं.

"बसा. पण एवढं विचारायला तुम्हाला पाच मिनिटं लागली. मी बघत होते... दारातच उभे होतात."

तो कवळ्या बनवायचा. प्लास्टर सुकेपर्यंत थांबणं हा त्याच्या धंद्याचा भाग, आणि तो त्यानं स्वभावातही ओतून घेतला होता. मंडळी त्याला निवांत म्हणत. ती रुग्णवाहिकांच्या केंद्रात फोन घ्यायची, दुसरी घंटा वाजायच्या आत. तिला सगळे घाई म्हणत.

खेळ साधा. दोघांनी आपापली चाल गुपचूप निवडायची; मग ज्याचा राक्षस चपळ, त्याचा वार आधी. निवांतचे राक्षस म्हणजे नुसते धोंडे. त्यांच्याकडे एक चाल मात्र होती — उलटफेर. ती लागली की पाच फेऱ्या जो सगळ्यांत मंद, तो आधी. अडचण एवढीच, की ती लावायला राक्षस जिवंत असावा लागतो, आणि घाईचा लांडगा त्याला तेवढं जगू देत नसे.

"एकदा तरी लावू दे की," तो म्हणे.

"लाव ना. मी कुठे हात धरलाय?"

मग ती पेनाचं टोपण चावत हसे. तिचा वरचा एक दात किंचित पुढे होता. निवांतनं जन्मभर दात ओळीत बसवले होते. हा एक तेवढा आहे तसाच राहावा, असं त्याला मनापासून वाटे.

असे सात महिने गेले. निवांत हरत होता आणि सुखात होता.

"बोललास का तिच्याशी?" घरी त्याच्या आत्यानं विचारलं.

"बोलेन."

"सावकाश बोल. कवळी बसवायला येईलच ती कधीतरी."

हे त्याला लागलं. आणि नेमका त्याच मंगळवारी तिचा मेसेज आला. 'दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्याची जागा मिळतेय. जाऊ का? सांग.'

एरवी निवांत उत्तराला दोन दिवस घेई. पण आत्याचे शब्द ताजे होते. आयुष्यात एकदा तरी चटकन काहीतरी करावं म्हणून त्यानं मिनिटाच्या आत लिहून टाकलं, 'अभिनंदन. नक्की जा.' आपण काय लिहिलं, हे त्याला गुरुवारी संध्याकाळी कळलं.

शनिवारी तो नवे राक्षस घेऊन आला. धोंडे घरी, सोबत चित्ता आणि ससाणा. एकदा आपला वार आधी पडू दे, की त्याच दमात सांगून टाकायचं — जाऊ नकोस.

दोघांनी चाल निवडली. चित्त्याची पहिली फेरी दबा धरण्यात जायची, वार दुसरीत. तिच्या लांडग्यानं चावा घेतला नाही. लांडग्यानंच उलटफेर लावला.

"म्हटलं, शेवटचा खेळ आहे," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "लांडग्याला मुद्दाम शिकवली ही चाल. तुझे धोंडे एकदा तरी आधी चालू देत."

मग तिला चित्ता दिसला. खोलीतला सगळ्यांत चपळ राक्षस, आणि आता रांगेत सगळ्यांत मागे.

"हा कधी आणलास?"

"काल. तू... तुझ्यासाठी."

तिनं टोपण तोंडातून काढलं. "तुलाच का विचारलं होतं, ठाऊक आहे? तू दोन दिवस घेतोस म्हणून. मी दोन दिवस धरून बसले होते. आणि तू एका मिनिटात जा म्हणालास."

"ते चुकून—"

"मी सही केली, निवांत. पाच वर्षांचा करार आहे. उलटफेरासारखाच." तिनं हसायचा प्रयत्न केला. टोपणावर दातांच्या नव्या खुणा होत्या. "सोमवारी निघते. काही सांगायचंय?"

चालीला पंचेचाळीस सेकंद मिळत. दुसऱ्या घंटेआधी फोन उचलणारी ती बाई बोट न हलवता बसून राहिली. तीस. वीस. निवांतची चाल देऊन झाली होती; तो वाक्य जुळवत होता... वरची रांग बसली होती, खालची अजून ओली होती. दहा.

तिनं पर्स खांद्याला लावली, त्याच्या मनगटावर दोनदा हलकेच बोटं टेकवली आणि निघाली. नेहमी धडधडत उतरणारी ती आज एकेक पायरी उतरली. सतरा पायऱ्या. त्यानं सगळ्या ऐकल्या. मग खालचं दार लागलं.

"जाऊ नकोस," निवांत म्हणाला. आवाज स्पष्ट, दोन्ही रांगा नीट बसलेल्या. समोर खुर्ची होती.

पडद्यावर अक्षरं केव्हाचीच उमटली होती: प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली, तुम्ही जिंकलात. सात महिन्यांतला तिच्याविरुद्धचा पहिला विजय. शेजारच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. मंडळी चांगली होती, त्यांना वाटलं, आनंदानं त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीये.