आमचं झाड मोठं

"आधी बूट झाडा!"

पोरींनो, माझ्या प्रेमाची सुरुवात ही अशी झाली, ओरडा खाऊन. डोंगरावरच्या राखीव जंगलाच्या फाटकाशी वनरक्षक उभा होता. हातात ब्रश, गालाला खळी. बाहेरचं बी आत जायला नको, म्हणून येईल त्याला बूट घासायला लावायचा.

मी घासले. हळूहळू घासले... घाई कुणाला होती?

मग त्यानं मला सगळ्यात जुनं झाड दाखवलं. एवढं रुंद, की फेरी मारायला निघाले तेव्हा माझी वेणी खांद्यावर होती, परत आले तेव्हा कमरेला टेकली होती! खोटं असेल तर कवळी गळून पडो माझी.

"चारशे वर्षांचं आहे," तो छाती फुगवून म्हणाला, जसं काही यानंच पाणी घालून वाढवलंय. "असं दुसरं कुठे पाहिलंत?"

मी कसली ऐकून घेतेय! "त्यात काय? आमच्या घरचं याच्या दुप्पट आहे."

"दुप्पट?"

"कमीच सांगितलं मी."

"मग बघायलाच हवं. कुठे राहता?"

"बाजारात, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला." जिभेला हाड नाही ते असं!

रविवारी दार वाजलं. दारात तोच... इस्त्रीचा शर्ट, हातात मोजायची टेप. थाप उघडी पडली की हा हसत जिना उतरणार, आणि मी त्याची पाठ बघत बसणार! पण मान खाली घालेन तर मी कसली? ऐटीत त्याला गॅलरीत नेलं. तिथे तेलाच्या डब्यात मिरचीचं रोप.

"हे."

तो गुडघ्यावर बसला. काडीएवढ्या त्या खोडाला त्यानं टेप गुंडाळली. हसू दाबून दाबून कान लाल झाले होते.

"दुसऱ्या मजल्यावर झाड म्हणालात, तेव्हाच कळलं होतं मला."

"मग आलात कशाला?"

"झाड बघायला कोण आलंय?" तो टेपशी चाळा करत म्हणाला. मग हळूच, "तसं... वाढेल हे. चारशे वर्षं थांबावं लागेल."

"थांबाल?"

"चहा मिळणार असेल तर..."

"टाकलाय!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. कान दाराला लावूनच उभी होती बाई.

आणि ते रोप? छप्पर फोडून वर गेलंय, कवळीची शपथ! आता कवळी सकाळपासून वाटीत पडलीये, तो भाग वेगळा. पण त्याच्या सावलीत तुमचे आजोबा अजून थांबलेत.

असं दुसरं कुठे पाहिलंत?