भिंतीशी मांडलेला पाट

रोह्याचे दामोदर पास्टर दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जात नसत. त्या दिवशीही पिशवीत तांदूळ, तूरडाळ आणि तेलाची बाटली घेऊन ते पेणला उतरले आणि तिथून एसटीने जोह्याला गेले. तिथली रंभा बरेच रविवार प्रार्थनेला आली नव्हती.

पास्टरांची एक रीत होती. माणूस गेलेल्या घरात मागे उरलेल्याच्या घशाखाली घास उतरत नाही आणि नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून अशा घरी ते जेवायच्या जागी, भिंतीशी एक रिकामा पाट मांडत आणि सांगत, हा प्रभूचा. आता तू एकटा जेवत नाहीस. पेणपासून रोह्यापर्यंत कितीतरी घरांत असे पाट होते. त्या पाटांसमोर माणसं पुन्हा जेवू लागली होती. पास्टरांना त्याचा अभिमान होता, आणि तो फुकटचा नव्हता.

रंभेचा नवरा गुणाजी गणपती घडवायचा. तो काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. तिच्याही घरी पास्टरांनी पाट मांडला होता.

ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. गुणाजीचा कारखाना तो गेल्यापासून बंद होता, तरी घरात ओल्या शाडूचा वास कोंडला होता. दार उघडलं तेव्हा पास्टरांना वाटलं, ही रंभेची आई असावी. गाल आत गेलेले, हातांच्या नुसत्या काड्या.

दमून ते समोरच्या रिकाम्या पाटावर टेकायला गेले.

"त्यावर नका," रंभा हळूच म्हणाली. "इथं बसा, माझ्याजवळ."

तिने दोन ताटं वाढली. एकात भाताचा ढीग, वर डाळ. ते पाटासमोर ठेवलं. दुसऱ्यात भाताची करपलेली खरवड. ते तिने स्वतःकडे ओढलं. पास्टर रागावले. पोटाला चिमटा काढून हे कसले नैवेद्य, म्हणाले. प्रभूला भात लागत नाही, एवढंही शिकली नाहीस का गो?

"लागत नाय. म्हायतीय मला." तिने पाटाकडे पाहिलं नाही. "म्हणूनच सांगते पास्टर... हा प्रभू नव्हं. प्रभू कधी मागत नाय. ह्ये मागतं."

"मग देतेस कशाला?"

"नाय दिलं तर जवळ सरकतं."

पास्टरांनी खाली पाहिलं. पाट त्यांनी स्वतः भिंतीशी मांडला होता. आता तो रंभेच्या पाटापासून हातभर अंतरावर होता, आणि सारवलेल्या जमिनीवर भिंतीपासून इथवर ओरखडा उमटला होता.

पास्टर भिणारे नव्हते. ऊठ, म्हणाले, आत्ताच्या आत्ता रोह्याला चल, माझ्या घरी. इथे राहिलीस तर आषाढ बघायची नाहीस. पण आधी प्रार्थना करू. त्यांनी एका हातात रंभेचा हात घेतला, दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

प्रार्थना निम्म्यावर आली असेल. गुडघ्यावरच्या हातात कुणीतरी आपला हात दिला. गार, ओला हात. भुकेल्या पोराने धरावा तसा घट्ट.

पास्टरांनी डोळे उघडले नाहीत. शब्द गिळले नाहीत. आमेनपर्यंत गेले आणि मगच पाहिलं. पाटावर कुणी नव्हतं. तळहात शाडूने माखला होता.

त्यांनी पाट उचलला, चुलीत घातला आणि तो जळेपर्यंत उभे राहिले. मग रंभेला रोह्याच्या गाडीत बसवलं. त्या रात्री पास्टरांच्या घरी ती पोटभर जेवली. बायकोने वाढलेलं तिसऱ्यांदा मागून घेतलं, आणि पास्टरांना बरं वाटलं.

झोप मात्र आली नाही. बाकीचे पाट डोळ्यांसमोर येत राहिले.

सकाळी उठून ते खांब गावी मोरूच्या घरी गेले. मोरूचा तरुण मुलगा हायवेवर अपघातात गेला होता, आणि तेव्हापासून म्हातारा एकटा राहत होता. दारातच ओल्या शाडूचा वास आला. खांबला गणपतीचे कारखाने नाहीत.

मोरू जेवायला बसला होता. त्याच्यासमोर रिकामी ताटली, पाटासमोर भरलेली.

"मोरूदादा, तो पाट उचल," पास्टर उंबऱ्यावरूनच म्हणाले.

"उचलू कसा?" मोरूने आवाज खाली आणला. "बसलंय ना."

पास्टरांना पाटावर कुणी दिसलं नाही.

"कालपर्यंत गप असायचं. आज पहाटेपासून बोलतंय. म्हणतं, जोह्याचा पाट पास्टरांनी जाळला..." म्हातारा पुढचं बोलायला कचरला. "म्हणतं, आता त्यांच्याकडंच जेवायचं."

पास्टरांनी जमिनीकडे पाहिलं. भिंतीपासून निघालेला ओरखडा मोरूच्या गुडघ्यापर्यंत आला होता. तिथे तो वळला होता. ओला, ताजा, सरळ उंबऱ्याच्या दिशेने.